पेशकारमामांची बाळुती

पेशकारमामा समोरून येताना दिसले की शहाणा माणूस आधी आपल्या धोतराचा सोगा वर खोचून घ्यायचा. कारण 'काय, बरं आहे का' हे वाक्य पुरं होण्याआधीच मामांची दोन बोटं त्या सोग्याला भिडलेली असायची. मग डोळे मिटून, मान तिरकी करून ते कापड चोळत आणि निकाल देत, "अजून दोन पावसाळे." एवढं बोलून पुढं चालू लागत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्यानं आपलं मरण सांगितलं. एकजण तर तसाच घरी जाऊन अंथरूण धरून बसला होता.

मामांच्या मनात तसलं काही नसे. आणखी दोन पावसाळे नेसून, धुऊन, आपटून ते धोतर तान्ह्या लेकराची बाळुती करायच्या लायकीचं होईल, एवढंच त्यांना सांगायचं असायचं. बायकांच्या लुगड्यांना ते अर्थातच हात लावत नसत. लांबूनच म्हणत, "सूनबाई, जरा पदर उन्हात धरा." सूनबाई लाजून पदर धरी, मामा त्यातून ऊन किती येतं ते बघत आणि मान हलवत.

एकदा आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. आम्ही सगळे मास्तर हात जोडून फाटकाशी उभे. तेवढ्यात मामा भाजीची पिशवी घेऊन तिकडून चालले होते. त्यांनी साहेबांचं धोतर पाहिलं, त्यांना राहवलं नाही. पुढं होऊन त्यांनी सोगा चोळला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं तर तयार झालंय. कधी सोडता?" हेडमास्तरांना घाम फुटला. त्या वर्षी आमच्या शाळेला शेरा बरा मिळाला नाही, आणि त्याचं खापर हेडमास्तरांनी पुढं कायम मामांच्या डोक्यावर फोडलं.

मामांचं नाव अंबादासराव. निजामाच्या अमलात धाराशिवच्या तहसील कचेरीत ते पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं मुकदमे मांडायचे. त्यांची उर्दू लिखावट बघायला लोक यायचे म्हणे. पुढं निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, आणि मामांना त्या वयात मराठीत कागद लिहायची पाळी आली. घरी जन्मभर मराठी बोललेला माणूस, पण मराठी लिहायला घेतलं की मामांचा हात पहिलीतल्या पोरासारखा अडायचा. त्यांनी सरळ पेन्शन घेतली. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा काही सुटली नाही. कुणाच्या घरी बाळंतपण आलं की मामा ओसरीवर बसून म्हणायचे, "दरखास्त दाखल करा." मग घरातली जुनी कापडं त्यांच्यापुढं यायची. एकेक चोळून, ओढून, गालाला लावून ते फैसला देत. "हे मंजूर. हे नामंजूर. हे कुणी आणलं? ह्यात पोहे बांधून ठेवा."

नवं कापड त्यांना बघवत नसे. "नवं कापड म्हणजे नवा शिपाई. अंगात खळ लई," असं ते म्हणत. मंजूर कापडाचे चौकोन ते स्वतः फाडायचे. कात्री चालायची नाही, कारण फाडलेल्या कापडाची कड लेकराला टोचत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. धुवायचं ते रिठ्याच्या पाण्यात. वाळवायचं कडक उन्हात, आणि झड लागली तर शेगडीवर दुरडी उपडी घालून तिच्यावर. हे सगळं करायच्या मात्र मामी. त्या फार बोलत नसत. मामा ओसरीवरून हुकूम सोडत आणि मामी विहिरीवर बाळुती पिळत. गल्लीत कुणाचंही पोर असो, पहिली धुणी मामींच्याच हातची.

आमच्या पलीकडच्या घरातल्या अमीनाबीला नातू झाला तेव्हा ती मामांच्या दारात येऊन म्हणाली, "पेशकारसाब, मेरे पोते कू तुमारेच हात के लंगोट होना." मामांनी तिच्या घरातली कापडं तपासली आणि खूश झाले. अमीनाबीला सात लेकरं, सगळी हयात, आणि आता नातवंडांची सुरुवात. मामांना हवं ते नेमकं हेच होतं. कापड नुसतं मऊ असून चालत नसे, ते भरल्या घरातलं लागे. ज्या घरात पाळणा हलला आणि लेकरं जगली, त्याच घरातल्या वडीलधाऱ्यांचं जुनं तान्ह्याच्या अंगाला लावायचं. हा रिवाज सगळीकडंच होता, पण लोक वेळप्रसंगी त्याकडं डोळेझाक करत. मामा करत नसत.

आता इथं मला सांगितलंच पाहिजे की मामा-मामींना मूल नव्हतं. आणि आख्ख्या धाराशिवात सगळ्यात मऊ धोतर कुणाचं असेल तर ते मामांचं. मामींचा हातच तसा होता. ते धोतर सायीसारखं झालेलं. मामा दुसऱ्याचं कापड तपासताना ते आपल्या धोतराशेजारी धरून बघायचे आणि म्हणायचे, "असं झालं की आणा." पण त्यातली वीतभर चिंधीसुद्धा कधी कुठल्या लेकराच्या अंगाला लागली नव्हती. कुणी मागितली नाही आणि मामांनी दिली नाही. फाटायला आलं की ते धोतर मामी कंदिलाच्या काचा पुसायला घ्यायच्या. मला ते बघून वाईट वाटायचं. पण असल्या गोष्टी बोलून दाखवणार कोण?

आमच्या घरी मुलगी झाली ती सोलापूरला, कुसुमच्या माहेरी. कुसुम म्हणजे माझी बायको. ती बाळाला घेऊन परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक भली मोठी ट्रंक होती. तिच्या वहिनीनं हौसेनं शिवलेली नव्याकोऱ्या मांजरपाटाची लंगोटं, त्यांना रंगीत नाड्या, आणि वरून घालायला रबरी चड्ड्या. मामा आणि आम्ही एकाच अंगणात राहणारे, त्यामुळं ट्रंक उघडली तेव्हा ते हजर होतेच. त्यांनी ती रबरी चड्डी दोन बोटांत धरली, ताणली आणि सोडली. ती फटदिशी वाजली.

"हे काय सायकलचं आहे का?" मामांनी विचारलं.

"मामा, सोलापुरात सगळे हेच वापरतात," कुसुम म्हणाली.

"नामंजूर," मामा म्हणाले आणि निघून गेले. पुढं किती तरी दिवस ते आमच्या वाळत घातलेल्या लंगोटांकडं, पोरगी वाया गेलेल्या बापासारखे बघत.

मग श्रावणाची झड बसली. नवी लंगोटं वाळेनात, ओलसर लंगोटावर रबरी चड्डी, आणि पोर रात्रंदिवस रडतंय. एके सकाळी बघतो तर बाळाची मांडी न् ढुंगण सोलवटून लालबुंद. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, मऊ जुनं कापड वापरा, कोरडं ठेवा, नाहीतर जखम चिघळेल. कुसुमनं ती ट्रंक पायानं पलंगाखाली ढकलली आणि रडत मामांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. "मामा, तुम्हीच बघा काहीतरी."

मामांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही. ते उठले आणि कामाला लागले. पण कापड मिळावं कुठून? माझे आईवडील केव्हाच गेलेले, मी लेंगा घालणारा. कुसुमची लुगडी लग्नातली. अमीनाबीच्या घरात होतं नव्हतं ते तिच्या नातवानं भिजवून ठेवलेलं. गल्लीतली बाकी जुनी कापडं नुकतीच बोहारणीनं भांड्यांच्या बदल्यात उचलून नेली होती. त्या बोहारणीशी मामांचं जुनं वैर होतं. ती गल्लीत शिरली की ते तिच्या आधी दारोदार जाऊन बायकांना म्हणायचे, "एका पातेल्यापायी लेकराचं कापड देऊ नका." बायका मान डोलवायच्या आणि मामांची पाठ वळली की पातेलं घ्यायच्या.

"बेंबळीला नानांकडं जातो," मामा म्हणाले. नाना म्हणजे त्यांचे कचेरीच्या काळापासूनचे ओळखीचे. वय झालेलं, पतवंडं पाहिलेली, घर माणसांनी भरलेलं. मामा तशा पावसात एस्टीनं बेंबळीला गेले आणि संध्याकाळी नखशिखांत भिजून परत आले. काखेत मात्र गाठोडं कोरडं. आम्ही सगळे भोवती जमलो. मामांनी गाठ सोडली.

आत नारळ होता, आणि कोरं करकरीत धोतर. त्याच्यावरचा गिरणीचा निळा शिक्कासुद्धा तसाच.

"म्या जुनं मागितलं," मामा खाली बसत म्हणाले, "तर नाना म्हणतो, पेशकारसाहेब, पाव्हण्याला जुनं देऊ? आमच्या घराला काय अब्रू हाय का न्हाय? लई समजावलं. ऐकंना. हळदीकुंकू लावून हातात दिलं. त्याची जुनी कुठंयत म्हणून सुनंला विचारलं, तर तिनं बोहारणीला दिलीत."

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. पण आत बाळ रडत होतं. मामा त्या खळीच्या धोतराकडं बघत राहिले.

कुसुम बाहेर आली. तिची नजर दोरीवर गेली. ओसरीच्या आत मामांचं रोजचं धोतर वाळत होतं. ती म्हणाली, "मामा, तुमचं द्या."

मामी शेगडीपाशी होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला.

"माझं न्हाई चालत, पोरी," मामा हळू म्हणाले. "ज्याच्या घरात पाळणा हलला न्हाई, त्याचं तान्ह्याला लावत नसतात. कायदा आहे तो."

"कुणी केला?"

"चालत आलाय."

"निजामाचा कायदापण चालतच आला होता ना, मामा? तो गेला. तुमची कचेरी बदलली, कागद बदलले, राज्य बदललं. मग हाच एक कायदा तेवढा कसा राहिला?" कुसुमचा आवाज चढला होता, आणि वडीलधाऱ्यांपुढं ती एवढं बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "मी आई आहे तिची. मला चालतंय."

मामा उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. ह्या माणसाला आपण दुखावलं. पण थोड्या वेळानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी केलेलं धोतर होतं. दोरीवरचं नव्हे, त्यांच्या ट्रंकेतलं, त्याहून जुनं, त्याहून मऊ.

"पुन्हा एकदा इचार कर," ते कुसुमला म्हणाले. "लेकरू तुझं आहे."

"फाडा, मामा."

त्यांनी कड धरली, पण हात चालेना. एवढी बाळुती फाडलेला माणूस, आणि आपलंच धोतर फाडवेना. मामी उठल्या, त्यांनी कडेला दातानं बारीकशी चीर पाडली आणि कापड परत मामांच्या हातात दिलं. मामांनी ओठ आवळून ते फाडलं. मग एकामागून एक चौकोन पडत गेले.

बाळाची कातडी आठवडाभरात सुकली. पोर हसायला लागलं. झड ओसरून ऊन पडलं, आणि त्या सकाळी मामी आमच्या दारात आल्या. त्यांच्या हातात एक लुगडं होतं, फिकट झालेलं हिरवं, घड्यांवर पातळ झालेलं.

"दुपटं व्हईल ह्याचं," त्या म्हणाल्या. "धुऊन आणलंय. आपल्या घरी पाळणा हलंल म्हणून दर सालाला धुऊन ठिवत होते."

मामा ओसरीवर दाढी करत बसले होते. त्यांचा वस्तरा थांबला. ते लुगडं त्यांनी ओळखलं असावं. "हे तू अजून ठेवलंस?" त्यांनी विचारलं. "मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?" मामी म्हणाल्या. रागानं नव्हे, सहज.

गल्लीतल्या सगळ्या कापडांची विचारपूस केलेला हा माणूस. इतकी वर्षं नेम पाळत बसला तो आपल्याच दुःखाला जपत, आणि त्याच नेमाखाली आपल्याच घरात आणखी एक माणूस दबून राहिलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि मामींची तर जास्तच. कुसुमनं मामींना खाली बसवलं, बाळाला त्या लुगड्यात गुंडाळलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामी पाय हलवायला लागल्या. बाळाला झोप लागली.

मामांनी तोंडावरचा साबण पुसला. अर्धी दाढी तशीच. मग आमच्या कोपऱ्यातली घाण बाळुत्यांची बादली त्यांनी उचलली आणि ते सरळ विहिरीकडं चालू लागले. त्या काळी पुरुषानं बाळुती धुवायला नेणं म्हणजे गल्लीनं दिवसभर चघळावं असा प्रकार होता. मी मागं धावलो, "मामा, द्या इकडं, मी नेतो." त्यांनी ऐकलं नाही. विहिरीवरच्या बायका धुणं सोडून बघत राहिल्या. एकीनं तोंडाला पदर लावून विचारलंच, "अगं बाई, पेशकारमामा, तुमी कसं? मामी कुठं गेल्या?"

मामांनी बादली दगडावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिला आज सवड न्हाई. तिच्या मांडीवर लेकरू झोपलंय."