हळदी लुगड्याच्या मागे

“सोलापुरात मला वाट दाखवणारा अजून जन्मायचाय!” असं डॉक्टरांना ठणकावून बसलिंगप्पा उठले, आणि दार समजून औषधांच्या कपाटात शिरायला निघाले. त्यांच्या बायकोनं, नागव्वानं, वेळेवर उपरणं ओढलं, म्हणून बाटल्या वाचल्या!

डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अजून कच्चा आहे, पिकला की काढू. तोवर डोळ्यांत मध, कांद्याचा रस, काजळ, काहीही घालायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून डोळे पुसायचे, उन्हात टोपी घालायची. आणि घरात बसून राहू नका, रोज फिरा. पण हात धरून!”

“कुणाचा?”

“बायकोचा! दुसऱ्या कुणाचा?”

बसलिंगप्पांना दरदरून घाम फुटला. बाळीवेशीतले ते खणालुगड्यांचे नामांकित व्यापारी! बायकोचा हात त्यांनी एकदाच धरला होता, लग्नात, तोही लग्न लावणाऱ्या स्वामींनी धरायला लावला म्हणून. आणि मागच्याच सोमवारी त्यांनी मठात तरुण पोरांना झापलं होतं, “रस्त्यानं बायकांकडं मान वर करून बघाल तर याद राखा!” आता तेच भर रस्त्यात हात धरून हिंडणार?

पण व्यापाऱ्याचं डोकं! त्यांनी दुकानातून एक पिवळंधमक हळदी लुगडं आणलं आणि नागव्वापुढं टाकलं.

“हे नेसून तू पुढं चालायचंस, मी मागं. कुणाला पत्ता लागणार नाही!”

“अहो, पण मी दिसेन का तुम्हाला?”

“आंधळ्यालाही दिसेल असा रंग आहे!” असं म्हणून ते जरासे चपापले.

युक्ती मात्र झकास चालली. पुढं पिवळा ठिपका हलायचा, मागं हे काठी टेकत ऐटीत चालायचे. सिद्धेश्वराच्या तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचे, “नजर ठणठणीत, पाय ठणठणीत!”

एका संध्याकाळी परतताना नागव्वा मेथीची जुडी घ्यायला रस्त्याच्या कडेला थांबली. “अहो, थांबा जरा!” ती ओरडली, पण नेमका तेव्हाच गिरणीचा भोंगा झाला आणि तिचा आवाज त्यात विरून गेला. बसलिंगप्पांना पुढं पिवळा ठिपका दिसत होता. ते निघाले त्याच्यामागं. त्याच गठ्ठ्यातली हळदी लुगडी आपण गिऱ्हाइकांनाही विकलीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही!

ठिपका आज भलताच घाईत होता. “जरा हळू की गं!” बसलिंगप्पा दबक्या आवाजात म्हणाले. ठिपका आणखी भराभर निघाला. “रागावलीस होय?” ठिपका जवळजवळ पळायलाच लागला! हे धापा टाकत मागं. ठिपका एका बोळात वळला. बोळ अंधारा, पायाखाली दगडधोंडे. मग त्यांनी मनाशी ठरवलं, हितं कोण बघतंय? आज डॉक्टरांचं ऐकूया. त्यांनी हात पुढं केला आणि लाजत म्हणाले, “चल बाई, धरतो आज तुझा हात!”

आणि धरला!

“अगं बया! म्हाताऱ्यानं हात धरला की माझा!” असा हंबरडा फुटला की बोळातली कुत्री उठून बसली. बांगड्या कचाकच फुटल्या. ती होती रंभाबाई, गिरणीत कामाला असलेल्या धुळाची बायको. गिरणी नुकतीच सुटलेली. बघता बघता बोळ माणसांनी भरला. धुळा गर्दीतून पुढं घुसला.

“का रं म्हाताऱ्या? डोळं फुटलं का काय तुझं?”

इथं नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. पण बसलिंगप्पांची जीभ सवयीप्रमाणं बोलून गेली, “डोळ्यांना काय झालंय? नजर ठणठणीत आहे माझी!”

“ऐका!” धुळा गर्जला. “म्हंजी दिसतंय, आन् तरी धरला!”

मग बसलिंगप्पा मान खाली घालून पुटपुटले, “नाही हो... मला दिसत नाही.”

“आता दिसंना व्हय? मग सांग, माज्या हातात काय हाय?”

बसलिंगप्पांना समोर नुसता धुरकट पट्टा दिसत होता. पण अशा वेळी अशा माणसाच्या हातात काय असणार?

“पायताण,” ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

“बगा! बराबर वळाकलं!”

पायताण वर गेलं, तेवढ्यात मेथीची जुडी छातीशी धरून नागव्वा धावत आली. “थांबा! माझे मालक आहेत ते! खरंच दिसत नाही त्यांना!”

“समद्या बायकांस्नी आपल्या मालकाचं असंच वाटतंय, बाई!”

“अहो, काल पखालवाल्याच्या रेड्याला ‘शरणार्थी’ म्हणून हात जोडले यांनी! वर विचारलं, घरची मंडळी बरी आहेत का!”

गर्दीत खसखस पिकली.

“परवा धुण्याच्या बोचक्याला आशीर्वाद दिला! आणि रोज आरशापुढं उभे राहून गंध लावतात ते आरशालाच!”

बोळ खदाखदा हसला. धुळाचं पायताण खाली आलं. बसलिंगप्पांना वाटलं, त्यापेक्षा ते डोक्यात बसलं असतं तर बरं झालं असतं! मठातलं कुणी या गर्दीत असेल का? असेल तरी दिसणार कसं?

रंभाबाई मात्र विरघळली. तिनं स्वतःच्या आणि नागव्वाच्या लुगड्याकडं बघितलं. “अगं बाई, तुमच्याच दुकानातलं हाय की ह्ये! बसा आप्पा, पानी प्या. डोळ्यात कांद्याचा रस पिळू का? लई गुन येतो.”

“नको!” नवराबायको एकदमच ओरडली.

“चुकलो, बाई,” बसलिंगप्पा हात जोडून म्हणाले. “बांगड्या भरून देतो.”

परत जाताना नागव्वानं काही न विचारता त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवला नाही. वाट भर बाजारातूनच होती. कल्हईवाल्याचा भाता थांबला. पानवाला अर्धा बाहेर वाकला. यांच्याच दुकानातले नोकर ओळीनं पायरीवर येऊन उभे राहिले.

“कुणी बघतंय का गं?”

“कुण्णी नाही,” नागव्वा बिनदिक्कत खोटं बोलली.

तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून आवाज आला, “शरणार्थी, आप्पा! आज जोडीनं?”

बसलिंगप्पांचे कान लाल झाले. हात सोडवून त्यांनी घाईघाईनं नमस्कार केला, तोही समोरच्या विजेच्या खांबाला. मग परत हात चाचपला. बांगड्या लागल्या, तसा झटकन मागं घेतला आणि हळूच विचारलं,

“नागव्वाच ना?”