कोलूतलं ग्रीक बेट

"शब्दाचं मूळ कळलं की माणूस कशालाच घाबरत नाही!" बँकेतून निवृत्त झालेले उमाकांत हे रोज ऐकवत. पण तीन आठवड्यांपूर्वी लेक कौमुदी म्हणाली, "बाबा, मी लेस्बियन आहे," आणि ते "बरं बरं" करत थेट कोथिंबीर आणायला पळाले. घरात दोन जुड्या होत्या!

तेव्हापासून कौमुदी गप्प. आज ती आपल्या जोडीदारणीला, लावण्याला, पहिल्यांदा घरी आणणार होती. 'तुम्ही दोघी आमच्याच' हे लेकीला सांगायला उमाकांतांचा जीव तुटत होता, पण तोंड उघडलं की हवापाण्याच्या गप्पाच निघत.

मग त्यांनी बेत केला. नवरात्रात इथे अड्यारला तमिळ रीतीने घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलूच बोलेल! खालच्या पायरीवर पाण्याची परात, मधे वाळूचं बेट. ग्रीसमधलं लेस्बॉस! तिथल्या एका कवयित्रीने सव्वीसशे वर्षांपूर्वी बायकांवरच्या प्रेमाची गाणी रचली, म्हणून बेटाच्या नावावरून तो शब्द आला. बेटावर खेटून दोन लाकडी नवऱ्या.

घोळ एवढाच, की या बाहुल्या विकतात नवरा-नवरीच्या जोडीनेच. दोन नवऱ्यांपायी दोन नवरे उरले! उमाकांतांनी ते फ्रिजवर ठेवले.

"अय्यो! नवरे फ्रिजवर?" तंजावरच्या मराठी शेजारीण त्रिपुरसुंदरीमामी कोलू बघायला आल्या, त्या किंचाळल्याच. त्यांनी दोन्ही नवरे उचलून आपापल्या नवरीशेजारी उभे केले.

"मामी, ते बेट जरा वेगळं आहे..."

"जोडी मोडू नये, उमाकांतराव!"

मामी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंदल खायला वळल्या की उमाकांत नवरे काढत. उमाकांत वळले की मामी ठेवत. चौथ्या खेपेला ओढाताणीत एक नवरा परातीत पडला आणि आरामात तरंगू लागला. मामींनी त्यालाही काढून जागेवर उभा केला, आणि नेमकी बेल वाजली!

दारात कौमुदी आणि लावण्या. कौमुदीने बेट पाहिलं. दोन नवऱ्या, दोन नवरे. तिचा चेहरा पडला. "कळलं, बाबा. हेच सांगायचं होतं ना?"

"नाही गं!" उमाकांत असे ओरडले की खालचा वॉचमन वर बघायला लागला. "माझी मुलगी लेस्बियन आहे! हे लेस्बॉस आहे! या दोघी म्हणजे तुम्ही, मला तुम्ही दोघी या घरात हव्या आहात, आणि हे नवरे दुकानदाराने गळ्यात मारलेत!"



मामींनी दोन्ही नवऱ्या एकमेकींजवळ सरकवल्या. "आधी नाही का सांगायचं?" मग ओला नवरा पदराने पुसून दुसऱ्याच्या शेजारी टेकवला. "यांनी तरी एकटं का राहावं?"

कौमुदी रडत, हसत बाबांच्या गळ्यात पडली. उमाकांतही रडले, आणि त्यांना फार बरं वाटलं.

"आता तू गा, बाळ!" मामींनी लावण्याला फर्मावलं. "कोलूला आलं की गायचं!"

लावण्या अगदी मनापासून आणि अगदी बेसूर गायली. उमाकांतांना ती फार म्हणजे फारच आवडली. फक्त दुसरं कडवं सुरू झालं, तसे ते हळूच उठले आणि त्यांनी पंखा फुल करून टाकला.