चौथ्या पियानोची हकीकत

श्री. सुरांचा धनी जो कोणी असेल त्यास दंडवत घालून, ऐकणारांच्या कानांचे कुशल चिंतून, लिहिणाराने आपले नांव झाकून ही हकीकत कागदी घातली ती ऐसी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका शहरांत चौथ्या मजल्यावर एक राज्य नांदत होते. राज्याचे नांव लिहिण्याची परवानगी नाही. मुलूख म्हणावा तर तीन खोल्या आणि पूर्वेस गॅलरी, प्रजा म्हणावी तर दोन माणसे. धनी श्रीमंत मुकुंदपंत, मनाचे साधे परंतु घाईचे. आणि कन्या शर्वरीबाई, वय वर्षे बारा. राणीसाहेब अपर्णाबाई वैशाखांत दुखण्याने कैलासवासी जाहल्या. त्या पियानो उत्तम वाजवीत आणि कन्येस शेजारी बसवून शिकवीत. दिवाणखान्याच्या पश्चिम कोपऱ्यांत त्यांचा जुना लाकडी पियानो होता. राणीसाहेब गेल्यावर पंतांस त्याचे मिटलेले झांकण बघवेना. बघितले की जेवण जाईना. मग एके दिवशी कन्या शाळेत गेली असतां पंतांनी चार हमाल बोलाविले आणि पियानो दूरच्या एका शाळेस देऊन टाकला. कन्या परतली, कोपरा बघितला, दप्तर खाली ठेविले आणि म्हणाली, "कुठाय?" पंत म्हणाले, "दिला." ती म्हणाली, "मला न विचारता?" त्या दिवसापासून कन्या बापाशी बोलेनाशी जाहली. शेजारणीशी बोले, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घाली, आणि बाप समोर आला की तोंड मिटे. ऐसे सात महिने गेले. पंत मध्यंतरी पियानो परत मागावयास गेलेही, तो पावसांत शाळेचे छप्पर गळून लाकूड फुगले होते आणि तो भंगारांत गेला होता. पंत जिन्यावर बसून रडले. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही, आणि तेथेच चुकले.

मग पंतांनी मनाशी मसलत केली की नवा पियानो आणावा, तो विजेवर चालणारा आणावा, म्हणजे जागा थोडी लागेल, सूर लावणारा बोलवावा लागणार नाही, आणि कन्या एखादा शब्द तरी बोलेल. वाद्यांच्या पेढीवर सायमन कोरिया म्हणून वसईचे एक जाणते मास्तर होते. पंतांनी त्यांस गाठले. मास्तर म्हणाले, "साहेब, घरासाठी घेताय ना? मग पट्ट्या पुऱ्या अठ्ठ्याऐंशी पाहिजेत, आणि पट्टीला वजन पाहिजे. हलक्या पट्टीवर पोरांची बोटं बिघडतात. कागदावरचं वाचून काय कळत नाय. मी तीन पाठवतो, घरी वाजवून बघा, संध्याकाळी येऊन नको ते घेऊन जातो." रविवारी दुपारी तीनही पियानो उत्तरेच्या भिंतीस ओळीने मांडिले आणि मास्तर जेवावयास गेले. पहिला वजनाने हलका, अंगी सातशे आवाज, बासरी म्हणा, ढोल म्हणा, समुद्राची गाजही म्हणा; परंतु पट्टी दाबली तो बोटास काही लागेच ना. दुसरा लाकडी पेटीचा, तीन पेडलांचा, डावीकडे पट्ट्या जड आणि उजवीकडे हलक्या होत जाणाऱ्या, आणि सूर गंभीर. मात्र हलवावयास दोन माणसे पाहिजेत. तिसरा बारीक अंगाचा, मोबाईलशी सलगी करणारा, त्यास इअरफोन लावण्याची भोके दोन. ते लावले म्हणजे वाजविणारासच ऐकू यावे आणि बाकीच्यांस पट्ट्यांची कोरडी टकटक तेवढी. पंतांस ती टकटक मुळीच आवडली नाही.

आता या राज्यांत राणीसाहेबांनी घालून दिलेला एक कायदा होता. घरांत मोठी वस्तू येणे तर ती डोळे बांधून पारखावी. राणीसाहेब म्हणत की रंग आणि कंपनीचे नांव हे डोळ्यांस लाच देतात, हात आणि कान लाच खात नाहीत. मिक्सर घेतला तो कानाने, सोफा घेतला तो पाठीने, आणि दुकानदार हसले तरी बाईंनी पर्वा केली नाही. डोळे बांधून जे निवडिले ते घरी ठेवावेच, मागाहून रदबदली नाही, ऐसे कलम होते. पंतांनी तोच कायदा चालवावा म्हणून राणीसाहेबांची निळी ओढणी कपाटांतून काढिली आणि विचारिले, "बांधू का गं?" कन्येने मान हलविली. पंतांनी ओढणी बांधिली, कन्येस तीन वेळा गरगर फिरविले, आणि हात सोडिला.

कन्या पहिल्यापाशी बसली, दोन सूर वाजविले आणि उठली. दुसऱ्यापाशी बसली, आणि दहा बोटे चालविली तो सूर ऐसा भरून आला की पंतांच्या जिवांत जीव आला. तिसऱ्यापाशी पोहोचली, हात ठेविला, आणि त्याच घटकेस सोसायटीची वीज गेली. पंखा थांबला. तीनही पियानोंचे दिवे विझले. बाहेर भर दुपारचे ऊन होते. पंत म्हणाले, "थांब बेटा, वीज आली की बघू." कन्या थांबली नाही. ती उठली, हात पुढे न करितां, कोठे न अडखळतां, पश्चिमेच्या रित्या कोपऱ्याकडे चालत गेली आणि बसली. तेथे बाकही नव्हता. तरी ती बसली, पाय जमिनीवर टेकले, पाठ ताठ जाहली. पंतांनी हे आपल्या डोळ्यांनी बघितले. मग तिने रित्या हवेत दोन्ही हात ठेविले आणि पियानो वाजू लागला.

पंतांस आधी वाटले की वीज आली. पंख्याकडे बघितले तो तो स्थिर. सूर कोपऱ्यांतूनच येत होता, आणि जुन्या लाकडी पियानोची मधली एक पट्टी जरा बसकी वाजे, तीही तैसीच बसकी वाजत होती. कन्येचे हात उजवीकडे होते. डावीकडचे जड सूर मात्र कोणी निराळेच देत होते. राणीसाहेब शिकवितांना डाव्या बाजूस बसत, हे पंतांस आठवले. पुढे जावे तर पाय उचलेना, पळावे तर लेक तेथे बसलेली. मग कन्या सात महिन्यांनी बोलली. "बाबा, तू पण ये. पण डोळे उघडे ठेवून येऊ नको, मग ती थांबते." पंतांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर गच्च बांधिला, चार पावले टाकिली, आणि त्यांच्या मांडीस बाकाची कड लागली.

ते बसले. बोटांखाली पट्ट्या आल्या, थंड आणि गुळगुळीत. उजवीकडे कन्येचा खांदा लागत होता. डावीकडे कोणी जरासे सरकून जागा करून दिली. "सांग तिला," कन्या म्हणाली. "मला नको सांगू, तिला सांग." पंत हुंदका आवरून म्हणाले, "अपर्णा, मला ते झांकण बघवत नव्हतं गं. म्हणून दिला. शरूला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. परत आणायला गेलो तर भंगारात गेलेला. माझं चुकलं. लई चुकलं." वाजणे थांबले. मग पंतांच्या डाव्या हातावर एक हात आला. कन्येचे दोन्ही हात त्या वेळी त्यांच्या उजव्या दंडास धरून होते, आणि ती रडत होती. पंतांनी डावा हात मागे घेतला नाही.

सायंकाळी सायमनमास्तर आले. दार उघडेच होते. आंत बघतात तो बाप आणि लेक डोळे बांधून कोपऱ्यांत बसलेले, आणि दोघांच्या खाली काही नाही. मास्तरांनी छातीवर क्रूस काढिला आणि उंबऱ्यांतूनच विचारिले, "साहेब, कुठला ठेवू?" पंत वळले नाहीत. म्हणाले, "तिन्ही घेऊन जा, मास्तर. निवड झाली." मास्तरांनी ते तीन पियानो खाली नेईपर्यंत एकदाही त्या कोपऱ्याकडे बघितले नाही, आणि त्या सोसायटीत पुढे माल पोहोचविण्यास ते दुसऱ्यास धाडू लागले.

सारांश, तीन वाद्ये पारखिली, एकही घेतले नाही, आणि कायद्याप्रमाणे जे निवडिले ते घरी राहिले. कन्या बापाशी पुन्हा बोलू लागली. शाळेत काय जाहले, कोण कोणास काय बोलले, सर्व सांगते, हसतेही. मात्र पंतांचे डोळे मिटलेले असतील तेव्हांच. त्यांनी उघडिले की तिचे तोंड मिटते. म्हणोन मुकुंदपंत हल्ली घरी आले की दार लावितात आणि डोळे मिटून घेतात. मुलीचे तोंड त्यांनी मार्गशीर्ष सरल्यापासून बघितलेले नाही.