सासऱ्यांना उठवायला गेलो!

सासऱ्यांना मैदानातून उठवून घरी आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं.

ती रडवेली झाली होती. "अहो, अंधार पडायच्या आत पोलीस मैदान रिकामं करणार आहेत. आणि बाबांचा दम्याचा पंप इथेच राहिलाय!"

"आण इकडे. असा जातो नि असा घेऊन येतो!"

मूठभरांच्या घरात सोन्याचा धूर निघतो नि आमच्या चुलीतून साधाही का निघत नाही, हा जाब विचारायला शेदोनशे माणसं तिथे तंबू ठोकून शांतपणे बसली होती. सासरे कारखान्यातून निवृत्त झालेले. "जरा फिरून येतो," म्हणून पिशवी घेऊन निघाले ते थेट त्यांच्यात जाऊन बसले. खरं सांगतो, मला घर जरा ऐसपैस वाटायला लागलं होतं.

फाटकाशी एका नर्सबाईंनी अडवलं. "कशासाठी आलात?"

"उठवायला!" मी ऐटीत म्हणालो.

"आवाज उठवायला? वा! अरे, वाट द्या यांना!"

"बाई, आवाज नाही हो, सासरे..." पण तोवर मला एका लाकडी खोक्यावर चढवलंसुद्धा!

मैदानात भोंग्याला बंदी होती. म्हणून बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे शेवटच्या तंबूपर्यंत पोचतं, अशी तिथली रीत. ती मला कोण सांगणार!

"अहो, काहीतरी गैरसमज होतोय!" मी म्हणालो.

"अहो, काहीतरी गैरसमज होतोय!" मैदान गरजलं.

"मला खाली उतरू द्या!"

"मला खाली उतरू द्या!"

मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात मागच्या रांगेत सासरे दिसले.

"बाबा, घरी चला!"

"बाबा, घरी चला!" चार-पाच भलतेच म्हातारे दचकून चपला शोधायला लागले.

"अहो बाबा, लोक काय म्हणतील!"

"लोक काय म्हणतील!" लोक म्हणाले.

सासरे उठून उभे राहिले. दम लागत होता, म्हणून थांबत थांबत बोलले.

"जावईबापू, जन्मभर यंत्रावर राबलो. मालकाच्या बंगल्यावर मजले चढले. आमचं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नाही."

मैदानाने एकेक वाक्य म्हटलं.

"घरी बोलायला लागलो, की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता."

"तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता!" शेदोनशे माणसं माझ्याकडे बघून म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

मग सासरे खोकले. मैदानही इमानेइतबारे खोकलं! काही जण हसलेसुद्धा. पण मला उंचावरून दिसत होतं, त्यांचे ओठ निळे पडत होते.

"पंप! हा पंप मागे द्या!" मी हात उंचावून ओरडलो.

"पंप! हा पंप मागे द्या!" गर्जना झाली. हात मात्र एकानेही पुढे केला नाही!

"अरे, म्हणू नका, घ्या!"

"अरे, म्हणू नका, घ्या!"

मी खोक्यावरून उडी मारली, तंबूच्या दोरीत पाय अडकला आणि तोंडावर आपटलो. पंप घरंगळत नर्सबाईंच्या पायाशी गेला. त्यांनी तो झडप घालून उचलला आणि धावल्या. सासऱ्यांचा श्वास सुरळीत होईपर्यंत माझा थांबला होता. मग मी तिथेच मातीत बसून लहान पोरासारखा रडलो.

तेवढ्यात पोलीस आले. मैदानातल्या कोणी दगड उचलला नाही, शिवी दिली नाही. एकेक जण मुकाट गाडीत चढत होता. सासरेही चढले. अधिकाऱ्याने माझं मानगूट धरलं आणि त्यांना विचारलं, "आजोबा, खोक्यावरून भाषण ठोकणारा हाच ना? तुमचा कोण?"

सासऱ्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"ओळखत नाही."

"ओळखत नाही!" अख्खी गाडी म्हणाली.

अधिकाऱ्याने मला सोडून दिलं. गाडी गेली. मी एकटाच घरी आलो.

मला अटकेतून वाचवायला बाबा तसं म्हणाले, असं मी बायकोला सांगितलं. तिला ते पटलंसुद्धा. मला अजून पटायचंय!