मुदत : निरंक

अनंतरावांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते. बाकी सगळ्या पत्रांना दिले होते, कारण त्यांत बहुधा काही विचारलेलेच नसे. हे पत्र पुण्याहून आलेले, पाच-सहा ओळींचे, आणि त्यात चक्क एक प्रश्न होता. गेले पाच आठवडे ते अमृतधारा नगरातल्या त्यांच्या घरी, जाडजूड मराठी शब्दकोशाच्या ‘न’च्या पानांत दबून पडले होते. पत्र ‘नि’पासून सुरू होणाऱ्या एका शब्दाबद्दलच होते. तेव्हा ते योग्य जागी ठेवले आहे, अशी अनंतराव स्वतःची समजूत घालत.

अमृतधारा नगर गारखेड्याच्या पलीकडे होते आणि नावावरून वाटते तसे मुळीच नव्हते. शहर भराभर वाढत होते, वसाहतींना तितक्याच भराभर नावे लागत, आणि जिथे नळ पोचला नसेल तिथल्या नावात पाणी जरा सढळ हाताने घालण्याचा रिवाज पडला होता. त्यात ते वर्ष दुष्काळाचे. हर्सूलच्या तलावात पोरे क्रिकेट खेळत होती आणि चेंडू हरवला तर तो धुळीत हरवत होता. अमृतधारा नगराला आठ दिवसांनी एकदा टँकर मिळे. तो कधी येणार, हे टँकर नियोजन कक्षाच्या संकेतस्थळावर विचारण्याची सोय होती.

अनंतराव याच कक्षातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे मराठी चांगले म्हणून त्यांना मानधनावर, सकाळपुरते, ‘भाषा सल्लागार’ नेमले होते. माणूस वाचणारा, पण भिडस्त. साहेब आले की ते उभे राहत आणि पुन्हा केव्हा बसावे हे न कळल्यामुळे बराच वेळ उभेच असत.

तर संकेतस्थळ फार हळू चाले. उन्हाळा चढला तसे ते बसूच लागले. तेव्हा पुण्याहून शंतनू नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि त्याने साहेबांना समजावून सांगितले.

“सर, वेब सर्व्हर म्हणजे खिडकीवरचा कारकून समजा. कुणी विचारलं की हा उठतो, आत रेकॉर्डरूमला जातो, फाइल शोधतो, उत्तर घेऊन येतो. एका गल्लीतले चारशे लोक एकच प्रश्न विचारतात. हा चारशे वेळा आत जातो. म्हणून त्याला एक कॅश जोडू. सगळं मेमरीतच ठेवते ती. एकदा आणलेलं उत्तर तिच्याजवळ ठेवायचं. पुढच्याला तिथूनच द्यायचं.”

“म्हणजे आत न बघताच उत्तर द्यायचं?” साहेबांनी विचारले.

“तसंच म्हणा.”

“अहो, हे आम्ही पूर्वीपासून करतो. त्याला मशीन लागतं हे ठाऊक नव्हतं.”

“फक्त वीज गेली की ती सगळं विसरते, सर.”

“दोन इन्व्हर्टर लावा,” साहेब म्हणाले. कार्यालयात पंख्याला एकही इन्व्हर्टर नव्हता.

‘कॅश’ हा शब्द ऐकून लेखा शाखेने कान टवकारले, म्हणून अनंतरावांनी त्याला ‘स्मृतिपेटी’ असा प्रतिशब्द काढून दिला आणि ‘सर्व्हरला स्मृतिपेटीची जोडणी देणेबाबत’ अशी टिप्पणी तयार केली. टिप्पणीत ‘जोडणी’ हा शब्द दिसताच आवक शाखेने ती नियमाप्रमाणे नळजोडणी शाखेकडे पाठवली. नळजोडणी शाखेने नियमाप्रमाणे छापील अर्ज पाठवला. अर्ज कोण भरणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे बसले आणि अनंतराव तेवढे उभे होते.

त्यांनी अर्ज भरला. जोडणीचा व्यास : अर्धा इंच. इमारतीचा मजला : पहिला. प्लंबरचे नाव : शंतनू. शेवटचा रकाना होता ‘मुदत’. तात्पुरती जोडणी असेल तर ती किती दिवसांसाठी, हे तिथे लिहायचे असते. स्मृतिपेटीच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे अनंतरावांना उमगले नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत जो रकाना उमगला नाही त्यात त्यांनी जो शब्द लिहिला होता, तोच त्यांनी इथेही लिहिला : निरंक.

निरंक हा आपल्या कार्यालयांचा प्राणवायू आहे. माहिती नसेल तर निरंक. माहिती असून द्यायची नसेल तर निरंक. रकाना रिकामा सोडला की अर्ज परत येतो. निरंक लिहिला की पुढे जातो.

हा अर्जही पुढे गेला, तो थेट पुण्याला. तिथून शंतनूचे ते पत्र आले. त्याने आधी ईमेल केली होती, पण ईमेलला आवक क्रमांक देता येत नाही म्हणून ती मिळाली नसल्याचे त्याला लेखी कळवण्यात आले होते. पत्रात होते :

‘अर्ज मिळाला. व्यासाची गरज नाही. मुदत म्हणजे एखादे उत्तर स्मृतिपेटीने किती वेळ जपायचे, असे मी समजतो. तिथे आपण निरंक लिहिले आहे. निरंक म्हणजे शून्य धरू का? परंतु या प्रणालीत मुदत शून्य म्हणजे ते उत्तर कधीच शिळे होत नाही, कायमचे राहते. तसेच हवे आहे का? सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजून जोडणी करतो.’

अनंतरावांनी पत्र चारदा वाचले. शून्य म्हणजे कायम, ही गोष्ट त्यांना एकदम तत्त्वज्ञानासारखी वाटली. आपण भाषा सल्लागार, आपल्याला यावर मत देण्याचा अधिकार आहे का? साहेबांना विचारावे, तर अर्ज न समजता भरला हे सांगावे लागेल. त्यांनी निरंकची व्युत्पत्ती बघायला शब्दकोश उघडला, खूण म्हणून पत्र तिथेच ठेवले आणि कोश मिटला. सात दिवस गेले. जोडणी झाली.

त्याआधी उत्तराचा मजकूर मात्र त्यांनीच लिहून दिला होता. मूळ मजकूर होता, ‘आपल्या गल्लीत टँकर दि. अमुक रोजी येईल.’ पण ‘दि’पुढे टिंब द्यावे की नाही याबद्दल अनंतरावांच्या मनात शंका होती आणि शंका असलेली गोष्ट शहराला दाखवायची त्यांना हिंमत नव्हती. त्यांनी सोपा, शुद्ध, बिनटिंबाचा शब्द घातला. ‘आपल्या गल्लीत टँकर उद्या येईल.’ टँकर त्याच दिवशीचा असेल तिथे ‘आज’.

उद्घाटनाच्या दिवशी अनंतरावांच्याच गल्लीतून, म्हणजे गल्ली क्रमांक चारमधून, कुणीतरी पहिला प्रश्न विचारला. सर्व्हर उठला, आत गेला, फाइल पाहिली. टँकर खरोखरच दुसऱ्या दिवशी होता. उत्तर आले : उद्या. स्मृतिपेटीने ते जपून ठेवले.

दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा तिला ते तोंडपाठ होते.

“अनंतभाऊ,” शेजारच्या चतुराबाईंनी कुंपणावरून हाक मारली, “बगा बरं त्या मोबाइलात. आज काय म्हंतोय?”

“उद्या म्हणतोय.”

“कालबी उद्याच म्हनला व्हता.”

“हो, पण तो कालचा उद्या.”

“मंग कालचा उद्या म्हंजी आजच की ओ!”

यावर अनंतरावांकडे उत्तर नव्हते. स्मृतिपेटीकडे होते.

टँकर का येत नाही, हे पाहायला ते एकदा भरणा केंद्रावर गेले. तिथे कडुबा ड्रायव्हर भरलेला टँकर लिंबाखाली उभा करून स्टिअरिंगवर पाय टाकून पडला होता.

“सायेब, रोज सकाळी मी यादी बगतो,” कडुबा म्हणाला. त्याची यादीही त्याच संकेतस्थळावरून निघे. “गल्ली चार, उद्या. म्हंतो, बरं, उद्या तर उद्या. दुसऱ्या दिशी बगतो, परत उद्या. नवकरी हाय. आपून काय आपल्या मनानं पाणी देतो व्हय?”

“पण टँकर तर भरलेला आहे, कडुबा.”

“लई दिसांपास्नं भरलेलाच हाय.”

“मग कुठेच जात नाही?”

“जातो की. गल्ली दोनला. दुसरा टँकर घेऊन रोज जातो.”

गल्ली क्रमांक दोनमधून पहिला प्रश्न विचारला गेला तेव्हा टँकर दारातच उभा होता. उत्तर आले होते : आज. तेव्हापासून तिथे रोजच आज होता. आधी लोकांनी ड्रम भरले, मग हौद, मग गाड्या धुतल्या. तिसऱ्या आठवड्यात, पाणी परत पाठवणे बरे दिसत नाही म्हणून, ते लिंबाच्या झाडाचा पाला पुसून काढू लागले.

गल्ली दोनमध्ये आप्पासाहेब राहत. एकेकाळी तिथे त्यांचीच ज्वारी उभी असे. पाणी रोज येते म्हणजे आप्पासाहेबांचे वजन वरपर्यंत असले पाहिजे, हे लोकांनी ओळखले. पहिल्या हाराच्या वेळी आप्पासाहेब म्हणाले, “अहो, मी काहीच केलं नाय.” दुसऱ्या हाराला नुसते हसले. तिसऱ्या हाराला म्हणाले, “करावं लागतं. लई पाठपुरावा केला.” आता ते निवडणुकीला उभे राहणार होते.

इकडे संकेतस्थळाला सर्वांत जलद उत्तर देणारी सेवा म्हणून ढाल मिळाली. उत्तराखाली एक प्रश्न असे : ‘आपल्याला उत्तर मिळाले का?’ शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक ‘होय’ दाबत. लोक प्रामाणिक होते. उत्तर मिळतच होते.

चतुराबाईंची गोष्ट मात्र अडकून बसली होती. बाई एकटी, जारचे पाणी विकत घेऊन दिवस काढणारी. दाराशी दोन निळे ड्रम. नियम असा की टँकर आला तेव्हा ज्याचे ड्रम भरून घ्यायला कुणी हजर नाही त्याची पाळी गेली, पुन्हा आठ दिवसांनी. तिकडे फुलंब्रीला तिची नात संस्कृती बाळंत झाली होती. पणजीने नाव उच्चारल्याशिवाय पोराला पाळण्यात घालायचे नाही, असे ठरलेले. तास-दीड तासाची वाट. पण रोज ‘उद्या’ टँकर येणार, मग घर सोडायचे कसे? बारसे दोनदा पुढे ढकलले.

शनिवारी संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच.

“उद्या बारसं हाय, भाऊ. आता म्होरं ढकलता येत नाय. परवा पोरीला न्यायला सासरची मान्सं येत्यात, लांब नगरकडं. आन मोबाइल बी उद्याच म्हंतोय. दोन्ही उद्या एका दिशी आले बगा. पतवंडाचं तोंड काय माझ्या नशिबात दिसत नाय.”

दोन उद्यांपैकी एक खरा होता आणि दुसरा आपल्या हातचा, हे अनंतरावांना ठाऊक होते. ते आत गेले आणि शब्दकोश उघडला.

“पुन्हा तोच कोश?” त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या. “पाच आठवडे त्यातला एकच शब्द शोधताय.”

“उत्तर लिहितोय.”

“कुणाला?”

“पुण्याला. पण मायना सुचत नाही. ‘स. न. वि. वि.’ लिहावं की ‘महोदय’?”

“काहीही लिहा. आता रकाना रिकामा सोडू नका म्हणजे झालं.”

रविवारी सकाळी पाचवा खर्डा पक्का झाला.

‘महोदय, आपले पत्र मिळून पाच आठवडे झाले. निरंक म्हणजे शून्य नव्हे आणि कायम तर नव्हेच. निरंक म्हणजे मला समजले नाही. अर्जात तसे लिहिण्याची पद्धत नसल्याने लिहिले नाही. उत्तराची मुदत एक दिवस ठेवावी. त्यानंतर सर्व्हरने आत जाऊन फाइल बघावी, त्याचे पाय दुखले तरी चालतील. तसेच ‘उद्या’ काढून तारीख घालावी. ‘दि’पुढे टिंब द्यायचे की नाही, ते आपण ठरवावे.’

पाकीट घेऊन ते निघाले, तर चतुराबाई नवे लुगडे नेसून उंबऱ्यात बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत झबले, टोपडे, कुंची. नजर गल्लीच्या तोंडाकडे.

“चतुराबाई, आज टँकर यायचा नाही. उद्याही नाही,” अनंतराव म्हणाले. त्यांच्या मानाने हे फारच मोठे भाषण होते. “तो उद्या मीच लिहिलेला आहे. तुम्ही जा.”

“आन मी गेले न् मागून आलाच तर?”

“आलाच तर…” अनंतराव घुटमळले. “आलाच तर मी भरून ठेवीन तुमचे ड्रम. रविवारी मी घरीच असतो.”

चतुराबाई उंबऱ्यातून अर्ध्या उठल्या. “घरीच असता?”

“हो. आणि इतर दिवशी हिला सांगता येतं. ही घरीच असते.”

खिडकीतून शैलाताई म्हणाल्या, “मला सांगितलं असतं तर महिन्यापूर्वीच भरले असते.”

“मंग ह्ये आधी का नाय बोलला, भाऊ?”

“तुम्ही टँकर कधी येणार, एवढंच विचारत होता.”

“आन तुम्ही तेवढंच सांगत व्हता!” चतुराबाईंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, पिशवी काखोटीला मारली आणि फुलंब्रीची जीप गाठायला त्या अशा चालू लागल्या, की धुळीला लुगड्याचा काठही सापडेना.

चाळीस घरांच्या गल्लीत ही साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. विचारायला संकेतस्थळ असताना शेजाऱ्याला कोण त्रास देतो? इथपर्यंत आलेल्या वाचकांपैकी ज्यांना ती दोन निळ्या ड्रमांचा उल्लेख आला तेव्हाच सुचली, त्यांनी आपले नाव कळवावे. जे आमच्याबरोबर मुकाट्याने टँकरची वाट पाहत बसले, त्यांच्या नावापुढे आम्ही पद्धतीप्रमाणे निरंक लिहिले आहे.

अनंतराव कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी आले. पाकिटावरचा पत्ता त्यांनी पुन्हा एकदा तपासला. रविवार असल्याने टपाल आज निघणार नव्हते, ते निघणार होते उद्या. त्यांनी खिशातून पेन काढले, पाकिटाच्या कोपऱ्यात ‘दि.’ लिहून त्यापुढे तारीख घातली, टिंबासकट, आणि पाकीट पेटीत टाकले.