भिंत हुंगणारे पुंजाजीकाका

पुंजाजीकाका दुसऱ्याच्या घरात शिरले की आधी भिंतीचा वास घेतात. घरच्या माणसाला रामराम नंतर. उजवा तळहात भिंतीवर टेकवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा, "मारलं हाये." किंवा, "नाई मारलं. नुसतं लिवलं हाये."

मी जानेफळच्या पुढच्या एका गावात आरोग्यसेवक आहे. आमच्याकडे वाळूमाशी फार. डासापेक्षाही बारीक किडा, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहतो. दिसत नाही, गुणगुणत नाही. पण एखाद्या लेकराला चावला आणि ताप मेंदूत गेला तर दिवसभराचाही अवधी मिळत नाही. म्हणून घराघरांत, गोठ्यागोठ्यांत औषध फवारायचं आणि दारालगतच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची. ही तारीख सरकारला पटते, गावाला पटते. पुंजाजीकाकांना पटत नाही.

तसं त्यांना काहीच पटत नाही. एसटीवर 'मेहकर' लिहिलेलं असतं, तरी काका ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला, मग खिडकीतल्या बाईला. तिघांचं उत्तर एकच आलं तर जास्तच बिचकतात. "तिघं बी एकच बोलून राह्यले. काई तरी भानगड हाये." हॉटेलात चहा प्यायला स्वतःचा पेला नेतात. मोबाइलवर बाईच्या आवाजात हवामानाचा निरोप आला, तर मला येऊन म्हणाले, "सायेब, हे बाई कोन? तिले माह्या वावरातलं काय मालूम?"

माझी बदली इथं झाली त्या आठवड्यातच ते फवारणीच्या पंपापाशी येऊन उभे राहिले.

"यात काय हाये?"

"औषध, काका."

"औषध किती अन् पानी किती?"

मी प्रमाण सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं, मग फवारणी करणाऱ्या गजाननभाऊंना बाजूला नेऊन त्यांनाही विचारलं. आमची उत्तरं जुळली. काकांचा चेहरा पडला.

तेव्हापासून ते आमच्या मागं घरोघर. हातात बॅटरी. कोपऱ्यात उजेड टाकून म्हणायचे, "इथं राह्यलं." गोठ्यात गव्हाणीखाली वाकून म्हणायचे, "इथं बी राह्यलं." एकदा काडेपेटी घेऊन आले. "वाळूमाशी धरली. जित्ती हाये." मी मोठ्या अपेक्षेनं उघडली. आतून चिलट उडालं आणि माझ्या चहात पडलं. काका म्हणाले, "तुमी बदलली तं नाई ना?"

गजाननभाऊ वैतागले होते. "सायेब, हा मानूस वरून पाठवला हाये. तालुक्याले फोन करत असंल, लिवून घ्या." मलाही तसंच वाटू लागलं. रिकामा माणूस रोज उन्हात आमच्या मागं कशाला फिरेल? काका आले की मी नोंदवही मिटू लागलो, त्यांच्यासमोर मोजून बोलू लागलो. पण दोन वर्षं झाली, एक तक्रार वर गेली नाही. त्यानं माझा संशय कमी झाला नाही, वाढला.

या पावसाळ्यात शेजारच्या गावातल्या एका मुलीला ताप आला, झटके आले. वेळेत दवाखान्यात नेली म्हणून वाचली. आमच्या गावात पुन्हा फवारणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका उपकेंद्रात आले. "रेखाच्या घरी मारलं नाई. लिवलं हाये."

गजाननभाऊ उसळले. "बुवा, तुमी माह्यावरच काऊन टपले? माह्या हातचं अक्षर हाये ते!"

"अक्षर तुमचंच हाये. वास नाई."

आम्ही तिघं गेलो. रेखा पंचविशीची, नवरा ट्रकवर, घरात ती आणि दीड वर्षाची मुलगी. भिंतीवर कालची ठसठशीत तारीख. काकांनी तळहात टेकवला, हुंगला, आणि मला म्हणाले, "तुमी घ्या." मी वाकून नाक भिंतीशी नेलं. मातीचा वास, शेणाचा वास. औषधाचा नाही.

मी गजाननभाऊंकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

"त्याईले बोलू नका," रेखा म्हणाली. "मीच गळ घातली. घरभर गव्हाचे पोते हायेत, मी एकटी कशी काढू? म्हनलं, भाऊ, लिवून द्या न् जा."

आता काका भडकणार, सगळ्या आळीला ऐकवणार, अशी माझी खात्री होती. ते उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माह्या घरी बी असंच लिवलं होतं," ते म्हणाले. "मीच लिवाले लावलं. हरभऱ्याचे पोते हलवाचा कंटाळा. म्हनलं, लिव बे तारीख अन् जाय. सुमी चार वर्साची होती माही. सकाळी ताप आला. मेहकरपर्यंत बी नाई पोचलो."

काकांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"त्या मानसाले मी कधी काई म्हनलं नाई. काय म्हनू? दिवाळीपर्यंत तारीख भिंतीवरच होती. घरातून निघालं का दिसे."

मग उठले आणि त्या वयात पोत्याला हात घातला. गजाननभाऊ धावले. "बुवा, तुमी सरका," म्हणत त्यांनी दुसरं टोक उचललं. दोघांनी मिळून सगळी पोती अंगणात काढली, ताडपत्रीनं झाकली. मी भांडी बाहेर नेली. गजाननभाऊंनी त्या दिवशी फवारताना छपराखालच्या सांदीसुद्धा सोडल्या नाहीत.

भिंती वाळेपर्यंत लेकराला आत न्यायचं नव्हतं. रेखाचे हात सामानात अडकलेले. मुलगी रडू लागली, तशी तिनं ती काकांच्या हाती दिली. काकांनी आधी हात दोनदा साबणानं धुतले, धोतराला पुसले, मग घेतली. लिंबाखाली मांडी घालून बसले. मुलगी त्यांच्या मिशा ओढता ओढता झोपून गेली. काका हलेनात. तिच्या गालावर माशी बसली तरी त्यांनी ती फुंकरीनंच उडवली.

तासाभरानं रेखा घ्यायला आली.

"राहू दे घडीभर, माय," काका हळूच म्हणाले. "भिंती ओल्या हायेत अजून."

मी नुकताच आत हात लावून आलो होतो. भिंती केव्हाच वाळल्या होत्या. रेखानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हाव, ओल्याच हायेत."