हेमीचा गुरू उच्चीचा

कोणी मोकळेपणानं हसलं की टेंभरे सर त्याची जन्मवेळ विचारत. एकदा देवरीच्या एसटीत कंडक्टर कशावरून तरी खदखदून हसला. सर जागेवरून उठले. "जन्म कधीचा गा तुहा? वेळ सांग." त्या बिचाऱ्यानं तिकिटं द्यायची थांबवून आईला फोन लावला. सरांनी बोटांवर हिशेब केला, "गुरू कर्केत. बरोबर!" म्हणाले आणि पुन्हा आंबट तोंड करून बसले.

नवेगाव बांधच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी चित्रकला. आता दोघेही निवृत्त. शेजारी मात्र पहिल्यापासूनच, मधे एकच भिंत. पत्रिका पाहायचा त्यांना नाद. इंग्रजी आणि ज्योतिष या दोन्ही विद्या त्यांच्या डोक्यात जिथं भेटल्या, तो शब्द म्हणजे 'जोव्हिअल'. जोव्हिअल म्हणजे हसऱ्या, आनंदी स्वभावाचा, एवढंच सांगून ते थांबत नसत.

"शब्द कुठून आला ते ऐका. जोव्ह म्हंजे रोमन लोकाइचा ज्युपिटर. ज्युपिटर म्हंजे आपला गुरू. तिकडचे जोतिषी म्हनत, गुरूच्या अमलात जन्मला तो हासरा. कोनी आपल्या मनानं हासून राहिला असं समजू नोका."

"मग सर, तुम्ही?" मी विचारायचो.

"शनीवरून सॅटर्नाइन. उदास, तोंड पाडून बसनारा. माह्यासाठीबी शब्द बनवून ठेवला त्याहिनं." हे मात्र ते अभिमानानं सांगत.

जोव्हिअलचा त्यांच्याकडचा चालताबोलता पुरावा म्हणजे त्यांची मुलगी हेमी. वहिनी गेल्या तेव्हा ती चौथीत होती. त्यानंतर त्या घरातून हसणं ऐकू यायचं ते तिचंच. भाजी करपली तरी हसायची, सर रागावले तरी हसायची. इकडे एकटाच चहा पिताना मलाही हसू यायचं. सर गंभीरपणे म्हणत, "उच्चीचा गुरू. इलाज नाही."

तिला बालाघाटचं स्थळ आलं. पाहायला आलेली माणसं पोह्यांच्या बश्या रिकाम्या होईपर्यंत एक शब्द बोलली नाहीत. मी सरांना बाजूला घेतलं. "सर, या घरात कोणी हसतच नाही हो."

"काऊन भेता मास्तर? हेमी हासवल त्याहिले. शब्दच सांगून राहिला."

त्या एका शब्दाच्या भरवशावर त्यांनी पोर दिली.

गेल्या दिवाळीनंतर हेमी परत आली, ती कायमचीच. कोणी तिला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. सुनेचे दात दिसता कामा नयेत, एवढाच त्या घरचा नियम होता, आणि तो तिनं वर्षानुवर्षं पाळला होता. आता ती अंगणात तांदूळ निवडत बसते. विचारलं तर उत्तर देते.

सरांनी लोकांच्या जन्मवेळा विचारणं सोडलं आणि ते चक्क विदूषकी करू लागले. एका दुपारी मी गेलो तर काखेत छत्री मारून आमच्या जुन्या हेडमास्तरांची फेंगडी चाल करून दाखवत होते. जन्मात कधी नक्कल न केलेला माणूस. तोल गेला, तुळशीवृंदावनाला धरून सावरले. मला हसू आलं नाही.

"बाबा, बसा न जी. पडाल," हेमी म्हणाली.

"तू हास न माय एकडाव. तुहा गुरू उच्चीचा..."

"कायचा गुरू जी!" तिनं सूप खाली ठेवलं. "माय गेली तं तुमी बोलतच नोहते. घर खायले धावे. मले भेव लागे. म्हून हासत होती मी, तुमच्यासाठी. मले कधी हासू येतच नोहतं."

सर छत्रीसकट खाली बसले.

आता रोज दिवे लागले की भिंतीपलीकडून सरांचं हसणं ऐकू येतं. बेसूर, खोकल्यासारखं हसतात. लेकीनं इतकी वर्षं केलं, ते बाप या वयात शिकतो आहे. गल्लीत नव्यानं भाड्यानं आलेले गृहस्थ मला म्हणाले, "आपके पडोसी तो बडे खुशमिजाज हैं." मी हो म्हटलं.

भिंतीला कान लावून मी दुसऱ्या हसण्याची वाट पाहतो. ते अजून आलेलं नाही.